कौलांचे दोन रंग: झादर ते दुब्रोव्हनिक

सम्राटाच्या राजवाड्यात कुणाची तरी धुणी वाळत होती. दोन दगडी भिंतींमध्ये बांधलेली दोरी, तिच्यावर निळे टॉवेल आणि लहान मुलाचे मोजे, आणि खाली माना वर करून उभे आम्ही सव्वीस जण. स्प्लिटची गाईड बोट दाखवत म्हणाली, "ती कमान सतराशे वर्षांपूर्वीची. मोजे आजचे." एवढ्या लांब मी नक्की काय बघायला आले होते, हे मला त्या दोरीखाली उभं असताना कळलं.

मी आणि ताई, दोघीच निघालो होतो. क्रोएशियाचा डाल्मेशिया नावाचा किनारा म्हणजे एका बाजूला चुनखडीचे उघडे डोंगर, दुसऱ्या बाजूला एड्रियाटिक समुद्र आणि त्यात विखुरलेली शेकडो बेटं. उत्तरेला झादरपासून सुरुवात करून शिबेनिक, त्रोगिर, स्प्लिट, स्तोन असं करत आठ दिवसांत दक्षिणेला दुब्रोव्हनिक गाठायचं. एकटी असते तर नकाशा घेऊन माझी मी फिरले असते. ताईची सत्तरी आणि तिचे गुडघे धरून गाईडसह सहल घेतली आणि ते फार बरं झालं. इथे एकाच भिंतीत रोमन, व्हेनिसच्या काळातलं आणि कालपरवाचं बांधकाम एकमेकांत गुंतलेलं असतं. कुठला थर कुणाचा, हे दाखवणारं माणूस बरोबर नसेल तर सगळंच नुसतं जुनं आणि सुंदर दिसतं.

बसमध्ये चढताना ड्रायव्हर रोज आमची डोकी मोजायचा. "येदान, द्वा, त्री, चेतिरी, पेत, शेस्त, सेदाम, ओसाम..." दुसऱ्या दिवशी ताई पायरीवरच थांबली. ती आयुष्यभर संस्कृत शिकवत आली आहे. "अगं, ऐकलंस का? द्वि, त्रि, चतुर्, सप्तम, अष्टम!" मग काय, तिने त्याच्याकडून शब्दच काढून घ्यायला सुरुवात केली. भाऊ म्हणजे ब्रात, दिवस म्हणजे दान, धूर म्हणजे दिम. भ्राता, दिन, धूम. त्या दिवसापासून आमची डोकी ताईनेच मोजली, क्रोएशियनमध्ये, आणि एकदाही चुकली नाही.

झादरमध्ये आधी संत दोनातचं चर्च बघितलं. नवव्या शतकातली ही गोल, जाडजूड वास्तू थेट रोमन चौकाच्या फरसबंदीवर उभी आहे. तिच्या पायाशी वाकून बघितलं तर पाया म्हणून आडवे टाकलेले रोमन खांब आणि नक्षीचे तुकडे दिसतात. गावात दगड पडलेला होता, तो उचलला आणि वापरला. पुढे सबंध किनाऱ्यावर हेच दिसत राहिलं.

संध्याकाळी समुद्राचा ऑर्गन ऐकायला गेलो. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यांनी झादरची समुद्राकडची बाजू उद्ध्वस्त झाली होती आणि नंतर तिथे नुसता सिमेंटचा धक्का बांधला गेला. २००५ साली निकोला बाशिच या वास्तुविशारदाने त्याच्या जागी समुद्रात उतरणाऱ्या सत्तर मीटर लांबीच्या दगडी पायऱ्या बांधल्या आणि त्यांच्या पोटात पस्तीस नळ्या बसवल्या. लाट आत शिरली की नळीतली हवा ढकलली जाते आणि वरच्या भोकांतून सूर निघतो. वाजवणारं कुणी नाही, त्यामुळे चाल अशी नाहीच. एक खोल घुमणारा सूर, मग बराच वेळ काही नाही, मग एकदम तीन-चार सूर एकमेकांत मिसळलेले. ताईने एका भोकावर तळवा ठेवला. "श्वास लागतोय गं हाताला," ती म्हणाली. मीही ठेवला. थंड, ओलसर हवेचा झोत तळव्यावर आपटायचा, ओसरायचा. लांबून एखादी बोट गेली की थोड्या वेळाने तिच्या लाटा येऊन पोचायच्या आणि सगळा धक्का एकदम वाजू लागायचा. सूर्य मावळला, लोक उठून गेले, आम्ही बसूनच होतो.

शिबेनिकचं संत याकोबचं कॅथेड्रल १४३१ ते १५३५ अशी शंभरावर वर्षं बांधलं जात होतं. सगळं दगडाचं, अगदी छतसुद्धा. सुतार फळीला फळी खाच पाडून जोडतो तशा इथे दगडी लाद्या एकमेकींत बसवल्या आहेत. यावर गाईड बराच वेळ बोलली, आणि ते खरोखर थक्क करणारं आहे, पण माझी नजर भिंतीच्या बाहेरून ओळीने कोरलेल्या माणसांच्या मुंडक्यांवर खिळली होती. एकाहत्तर मुंडकी. यातलं संतांचं किंवा राजाचं एकही नाही. डोक्याला फडकं बांधलेला, गालफडं बसलेली म्हातारी, ओठ मुडपून रागावलेला, हसू दाबणारा एक. युराय दाल्मातिनाच या शिल्पकाराच्या हातचं हे काम, आणि गावात चालताबोलता दिसणारी माणसंच त्याने कोरली असं इथले लोक मानतात. एका पोराच्या कपाळावर कोरलेली बट अजून इतकी स्पष्ट आहे की बोटाने मागे सारावीशी वाटते. नंतर कॉफी प्यायला बसलो तेव्हा शेजारच्या टेबलावर तेच ओठ मुडपलेले आजोबा पेपर वाचत बसले होते. मी ताईला खुणावलं. तिलाही पटलं.

त्रोगिरवर मात्र अन्याय झाला, आणि तो सहलीच्या आखणीनेच केला. पुलांनी जोडलेलं हे एवढंसं बेट, पण मास्टर रादोव्हानने १२४० साली कोरलेल्या कॅथेड्रलच्या दरवाजासमोर अर्धा दिवस काढला तरी पुरणार नाही. दोन्ही बाजूंना सिंहांवर उभे आदम आणि ईव्ह, वरच्या पट्ट्यांत शेतकऱ्यांची वर्षभरातली कामं. आम्हाला मिळाली पन्नास मिनिटं, त्यातली वीस स्वच्छतागृहाच्या रांगेत गेली. ज्यांना जायचं असेल त्यांनी आखणी हातात आल्यावर आधी त्रोगिरचे तास मोजावेत.

आता स्प्लिट. रोमन सम्राट डायोक्लेशियन जवळच्याच सलोना या रोमन शहराच्या परिसरात जन्मलेला. इ. स. ३०५ मध्ये त्याने आपण होऊन गादी सोडली आणि समुद्रकाठी बांधून घेतलेल्या या तटबंदीच्या राजवाड्यात राहायला आला. परत येऊन राज्य सांभाळा अशी गळ घातली गेली तेव्हा, मी लावलेले कोबी बघाल तर असं विचारणार नाही, असं तो म्हणाल्याची कथा आहे. सातव्या शतकात सलोना पडलं आणि तिथले लोक जीव वाचवायला या भिंतींच्या आत शिरले. दालनांत चुली पेटल्या, खांबांच्या मधल्या जागा भिंती घालून बंद झाल्या, आणि राजवाड्याचं गाव झालं. ते गाव अजून नांदतं आहे. ज्याने ख्रिश्चनांचा छळ मांडला त्या सम्राटाच्या समाधीचं कॅथेड्रल झालं आणि ज्युपिटरच्या देवळात मुलांचा बाप्तिस्मा होऊ लागला. शेजारी काळ्या दगडाचा स्फिंक्स बसलेला आहे. तो इजिप्तहून आणलेला, म्हणजे राजवाडा बांधला तेव्हाच तो सुमारे अठराशे वर्षांचा होता.

मला सगळ्यात भावली ती तळघरं. वरची दालनं सपाटीवर यावीत म्हणून खाली कमानींचा आधार दिला होता आणि खालच्या खोल्या वरच्या दालनांच्याच मापाच्या होत्या. वर राहायला आलेल्या लोकांनी शतकानुशतकं जमिनीला भोकं पाडून कचरा आणि सांडपाणी खाली सोडलं. तळघरं गळ्यापर्यंत भरली, आणि भरली म्हणून वाचली. वरची दालनं मोडली, बदलली, नाहीशी झाली. एकोणिसाव्या-विसाव्या शतकांत खालचा गाळ उपसला तेव्हा सम्राटाचं घर कसं होतं याचा आराखडा जसाच्या तसा हाती आला. गाईडने छतातलं एक भोक दाखवलं, कडेला अजून काळपट थर चिकटलेला. कुणातरी बाईने रोज सकाळी तिथून पाणी ओतलं असेल. तिच्यामुळे मी आज त्या खोलीत उभी होते.

स्प्लिटमध्ये ताईचं जेवणही जमलं. ती मासे खात नाही, आणि या किनाऱ्यावर तर शिंपले, माकुळाच्या शाईतला काळा भात असा सगळा थाट. पण ब्लित्वा म्हणून एक साधी भाजी मिळते, पालकासारखा पाला आणि उकडलेला बटाटा, वर लसूण आणि ऑलिव्हचं तेल. पुढचे चार दिवस तिने तीच खाल्ली आणि आनंदाने खाल्ली. वाढणाऱ्या मुलाला मी घाई केली तर तो म्हणाला, "पोमालो." म्हणजे सावकाश, होईल. हा शब्द इथे दिवसातून दहादा कानी पडतो.

दुब्रोव्हनिकला जाताना नकाशात एक विचित्र गोष्ट दिसते. क्रोएशियाचा किनारा मध्येच तुटतो आणि न्यूम गावाजवळ वीसेक किलोमीटरचा तुकडा बोस्नियाचा आहे. याचं मूळ १६९९ सालात आहे. दुब्रोव्हनिक तेव्हा स्वतंत्र प्रजासत्ताक होतं आणि त्याला भीती होती ती व्हेनिसची. व्हेनिसची हद्द आपल्याला भिडू नये म्हणून त्याने मधली पट्टी तुर्कांच्या ताब्यात जाऊ दिली. राज्यं बदलली, पट्टी राहिली, आणि अगदी आतापर्यंत क्रोएशियाच्या लोकांना आपल्याच देशाच्या दुसऱ्या तुकड्यात जायला दोन सीमा ओलांडाव्या लागत. जुलै २०२२ मध्ये पेल्येशात्सचा २,४०४ मीटर लांबीचा पूल खुला झाला आणि आमची बस त्यावरून न थांबता गेली. ड्रायव्हरने पूल आल्यावर रेडिओ बंद केला आणि पूल संपल्यावर लावला. का, ते त्याने सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

पुलापलीकडे स्तोन. एवढ्याशा गावाला डोंगरावरून चढत-उतरत गेलेली साडेपाच किलोमीटर तटबंदी. तिच्या आत जपायचं होतं ते मीठ. प्रजासत्ताकाच्या तिजोरीत इथल्या मिठागरांचा मोठा वाटा होता, आणि मिठागरं आजही चालू आहेत.

दुब्रोव्हनिकच्या पिले दरवाजातून आत सरळ घुसता येत नाही. बाहेरचा दरवाजा ओलांडला की उतार आणि वळण, मग आतला दरवाजा. किल्ले बघितलेल्या कुणालाही ही युक्ती ओळखीची वाटेल. आत आल्याबरोबर भिंतीवर शहराचा एक नकाशा लावला आहे, खुणांनी गच्च भरलेला. युगोस्लाव्हिया फुटताना झालेल्या युद्धात, १९९१-९२ च्या वेढ्यात, कुठे कुठे गोळे पडले, त्या या खुणा. जुन्या शहरातल्या ८२४ इमारतींपैकी ५६३ इमारतींना मार बसला होता. सगळ्यात वाईट दिवस ६ डिसेंबर १९९१.

आमची इथली गाईड तेव्हा आठ वर्षांची होती. पाणी नव्हतं, वीज नव्हती, आणि किल्ल्याच्या जाड भिंतींमागे सगळी आळी झोपायची, एवढंच तिने सांगितलं आणि पुढे चालू लागली. चालता चालता मात्र आपल्या शहराबद्दल भरभरून बोलली. १३७७ साली साथीच्या मुलखातून येणाऱ्यांना तीस दिवस बाहेर थांबवण्याचा कायदा इथे झाला. १४१६ मध्ये गुलामांच्या व्यापारावर बंदी आली. रेक्टर, म्हणजे राज्याचा प्रमुख, फक्त एका महिन्यासाठी निवडला जायचा आणि तेवढा महिना त्याने घरदार सोडून राजवाड्यातच राहायचं. सभागृहाच्या दारावर लॅटिनमध्ये कोरलं आहे: स्वतःचं विसरा, लोकांचं पाहा. कापड मोजायचं माप होतं ते चौकातल्या ओर्लांडो या योद्ध्याच्या पुतळ्याच्या कोपराचं. कुणी गिऱ्हाइकाला फसवलं तर चला पुतळ्याकडे! ताई म्हणाली, "म्हणजे आपला हात. कोपरापासून बोटांपर्यंत."

रस्त्यावरच्या दुकानांचे दरवाजेही बघण्यासारखे. एकाच कमानीत अर्धं दार आणि अर्धा दगडी कट्टा, म्हणजे गिऱ्हाईक बाहेर, दुकानदार आत, आणि माल कट्ट्यावरून हातात. १६६७ च्या भूकंपात शहर कोसळल्यावर सगळी घरं एका धर्तीवर उभी केली, त्यातली ही.

शेवटच्या दिवशी तटावर चढायचं होतं. तट १,९४० मीटरचा आणि पायऱ्या असंख्य. ताईने खाली थांबावं असं मी सुचवलं. तिने ऐकलं नाही. फांजीवरून सावकाश, भिंतीला हात लावत ती निघाली. मध्ये सावलीत बसली की गाईड तिच्याजवळ थांबायची आणि आम्ही बाकीचे पुढे जायचो. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला छपरांचा लाटांसारखा पसारा. नीट बघितलं की त्यात दोन रंग वेगळे होतात. युद्धानंतर घातलेली कौलं भडक केशरी, आणि वाचलेली जुनी फिकट, मधासारखी, कडांना काळी पडलेली. जुनी फार थोडी आहेत.

मी परत मागे आले तेव्हा दोघी चर्येला टेकून एका छपराकडे बघत होत्या. गाईडच्या आजीचं घर. समुद्राकडची उतरण सगळी केशरी, पण गल्लीकडच्या उतरणीवर खालची एक ओळ जुनी. मलब्यातून धड निघालेलं प्रत्येक कौल आजीने पोत्यात भरून ठेवलं होतं आणि छप्पर घालणाऱ्या गवंड्याकडून ते पुन्हा बसवून घेतलं होतं.

"किती आहेत?" ताईने विचारलं.

गाईडला माहीत नव्हतं. तिने कधी मोजलीच नव्हती. ताईने चष्मा सारखा केला, एक बोट पुढे धरलं आणि सुरुवात केली, "येदान, द्वा, त्री..." सव्विसाव्यापुढचे आकडे तिला येत नव्हते, तिथून गाईड मोजू लागली. एकोणतीस होती.