तुम्ही विचारलंत म्हणून: पूर्ण भूल, की तेवढंच बधिर?

“मॅडम, पुरं बेहोश कराच लागते काय? तेवढंच बधिर नाही होत?”

यवतमाळकडच्या गावांतून स्तन लहान करण्याच्या ऑपरेशनला येणाऱ्या बाया हे मला दाराआड, पदर सावरत विचारतात. स्तन लहान करून घेणं म्हणजे गावाच्या लेखी हौस. मी भूलतज्ज्ञ आहे. वेचणीच्या दिवसांत कापसाची ओटी बांधून दिवसभर वाकणाऱ्या बाईच्या खांद्यावर ब्राच्या पट्ट्यांनी पाडलेल्या खाचा मी पाहिल्यात. बोट बसेल एवढ्या खोल. स्तनांखालच्या घडीत घामानं चिघळलेली कातडीही पाहिलीय. हौस हा शब्द माझ्यासमोर कुणी काढू नये.

बहुतेकींनी सिझरला कमरेतलं इंजेक्शन घेतलेलं असतं. म्हणून त्या म्हणतात, “तसंच द्या ना.” पण स्तनाच्या संवेदना बरगड्यांमधल्या नसांतून जातात, वरच्या भागाच्या तर मानेतून येणाऱ्या नसांतून. कमरेतलं औषध तितकं वर चढवलं, तर रक्तदाब कोसळू शकतो आणि श्वासाचे स्नायू ढिले पडू शकतात.

जागच्या जागी बधिर करण्यालाही मर्यादा आहे. अ‍ॅड्रेनलिन मिसळलेलं लिग्नोकेन, म्हणजे बधिर करणारं औषध, वजनाच्या किलोमागे ७ मिलिग्रॅमच्या आत ठेवतात. पन्नास किलोच्या बाईला ३५० मिलिग्रॅम, म्हणजे २ टक्क्यांचं जेमतेम साडेसतरा मिली. पातळ केलं तर थोडं पसरतं, पण दोन्ही बाजूंच्या तीन-चार तासांच्या ऑपरेशनला पुरवायचं कसं? जास्त झालं तर ओठांना मुंग्या येतात, कानात गुणगुणतं, मग झटके. लहानशा दुरुस्तीला, किंवा पोराच्या छातीवरची छोटी गाठ काढायला, हे इंजेक्शन आणि सोबत थोडी गुंगी पुरते. मोठ्या ऑपरेशनला मी पूर्ण भूल देते. शिवाय सोनोग्राफीवर बघत छातीच्या स्नायूंच्या थरांमध्ये किंवा मणक्याशेजारी औषध सोडते, म्हणजे जाग आल्यावर ठणका कमी. स्नायूंमधली ही पद्धत २०११ पासूनची.

“परत जागच नाही आली त?” हा पुढचा प्रश्न. जपानच्या हानाओका सेइशू यांनी १८०४ मध्ये पूर्ण भूल देऊन एका बाईच्या स्तनातली गाठ काढली. अमेरिकेतलं इथरचं गाजलेलं प्रात्यक्षिक १८४६ चं. म्हणजे पूर्ण भूल स्तनाच्या ऑपरेशनला नवी नाही. आज तर तुमच्या बोटावरचा चिमटा ऑक्सिजन दाखवत असतो आणि मी सुरुवातीपासून शेवटपर्यंत उशाशी असते.

मला खरी काळजी भुलीच्या प्रकारापेक्षा लपवलेल्या गोष्टींची वाटते. ऑपरेशनच्या सकाळी प्यालेला दुधाचा चहा. आपल्याकडे अनेक घरांत असलेला सिकलसेल हा रक्ताचा आजार, ज्यात अंग थंड पडणं, पाणी कमी होणं, ऑक्सिजन घटणं महागात पडतं. म्हणून ती तपासणी आधी. आणि खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण.

एका बाईंना मी तोंड उघडायला सांगितलं. तीन बोटं मावायला हवीत. त्यांच्या तोंडात दीडच शिरली. गालाची आतली बाजू पांढुरकी, दोरीसारखी ताठ. “खर्रा खाता?” त्या सासूकडे बघून म्हणाल्या, “नाही जी.” मी सासूबाईंना चहा घ्यायला पाठवलं आणि पुन्हा विचारलं. “आठ वर्सं झाले. वेचणीत भूक मरते त्यानं.” असं तोंड असताना झोपवून नेहमीसारखी श्वासाची नळी घालायला गेलं, तर नळी जात नाही आणि श्वासही थांबलेला असतो. कळलं, म्हणून आम्ही तारीख पुढे ढकलली. घाईचं काहीच नव्हतं. नंतर नागपूरला नाक बधिर करून, त्या जाग्या असतानाच, दुर्बिणीवरून नळी घातली आणि मगच झोपवलं.

शुद्धीवर आल्यावर त्यांचा हात आधी खांद्यावर गेला. खाच तिथंच होती. “हे बुजन का मॅडम?” मी सांगितलं, थोडी राहील, पण आता खोल जाणार नाही.