विजेच्या ग्रिलवरचा बांगडा: स्विंडनमध्ये आणि मडकईत

“येताना तुझं ते ग्रिल घेऊन ये गो, इथं आपण बघूया तरी,” असं वहिनीनं एप्रिलमध्ये फोनवर सांगितलं, आणि मी ते खरंच आणलं. साडेतीन किलोचा ऐवज, दोन टॉवेलांत गुंडाळून बॅगेच्या मधोमध ठेवलेला. साठवलेली सगळी रजा काढून यंदा मी मे महिन्याच्या मध्यापासून पाच आठवडे गोव्यात, मडकईच्या घरी राहिले. त्यात पुरुमेताची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, खरेदी झाली, मिरगाचा पाऊस लागला आणि एक जूनला मासेमारी बंद झाली. म्हणजे ताजे बांगडे, सुके बांगडे, वांगी, सुरण असं सगळं त्या ग्रिलवर घालून बघता आलं. गावाकडच्या बऱ्याच जणी मला विचारतात की ओट्यावर ठेवायचं विजेचं ग्रिल घ्यावं का. त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे.

आधी स्विंडनचं सांगते, कारण तिथली गरज वेगळी आहे. लंडनच्या पश्चिमेला, आगगाडीनं तासाभरावर असलेल्या या शहरात आपली गोव्याची माणसं खूप आहेत. आमचं घर भाड्याचं, पहिल्या मजल्यावरचं. स्वयंपाकघर आणि बसायची खोली एकच. बाल्कनीत कोळसा पेटवायचा नाही, असं भाडेकरारातच लिहिलेलं आहे. छताला धुराची घंटा. पहिल्या हिवाळ्यात मी तव्यावर बांगडे तळले. थंडीमुळे खिडकी बंद होती. दुसरी खेप तव्यावर पडली आणि घंटा कोकलायला लागली. वरच्या मजल्यावरची बाई कडेवर झोपमोड झालेलं बाळ घेऊन दारात उभी राहिली. ती रागावली नाही, पण मला फार वाईट वाटलं. दाराशी टांगलेल्या कोटांना तो वास पुढे आठवडाभर होता. त्यानंतर तीन महिने मी घरात मासळी शिजवलीच नाही. मडकईच्या माणसानं तीन महिने मासळीशिवाय काढणं म्हणजे काय, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

मग गोदामात माझ्याबरोबर काम करणारी केरळची एक मैत्रीण घर बदलताना तिचं ग्रिल मला देऊन गेली. दोन तापणाऱ्या पट्ट्या, मध्ये बिजागरी, पुढे उतार आणि उताराखाली चरबी साठायला एक छोटा ट्रे. गंमत अशी की इंग्लंडमध्ये नुसतं ‘ग्रिल’ म्हटलं की ओव्हनमध्ये वरून येणारी आच समजतात. या यंत्राला तिथं पुष्कळजण आजही ‘जॉर्ज फोरमन’च म्हणतात, कुठल्याही कंपनीचं असलं तरी. हा फोरमन म्हणजे १९७४ साली किन्शासात महंमद अलीकडून हरलेला मुष्टियोद्धा. वीस वर्षांनी, १९९४ मध्ये, पंचेचाळीसाव्या वर्षी तो पुन्हा जगज्जेता झाला आणि त्याच वर्षी त्याच्या नावाचं ग्रिल बाजारात आलं. दहा कोटींहून अधिक विकली गेली. मार्च २०२५ मध्ये तो वारला, तेव्हा बातम्यांत त्याच्या ठोशांइतकंच या ग्रिलबद्दल बोललं गेलं.

मला स्विंडनमध्ये त्याचा उपयोग पहिल्या दिवसापासून झाला. तिथला बांगडा आपला नव्हे. तो स्कॉटलंड-कॉर्नवॉलकडचा, वेगळ्याच जातीचा, अंगानं मोठा आणि तेलकट. दोन बांगडे भाजले की खालच्या ट्रेमध्ये दोन-तीन चमचे तेल जमतं. तव्यावर हेच तेल तापून धूर करायचं. ग्रिलवर ते उतारावरून खाली निघून जातं, आणि झाकण बंद असल्यामुळे तडतड बाहेर उडत नाही. वास येतो, पण घंटा वाजत नाही. मला तेवढं पुरेसं आहे. गेली चार वर्षं आठवड्यातून तीन-चार वेळा मी ते वापरते.

आता मडकई. पहिल्याच संध्याकाळी घोटाळा झाला. इंग्लंडची आणि आपली वीज सारखीच, २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ, त्यामुळे यंत्राला काही अडचण नव्हती. प्लग मात्र वेगळा. मी बाजारातून साधा कन्व्हर्टर आणला आणि मिक्सरच्या पॉइंटला लावला. सहा-सात मिनिटांत प्लास्टिक जळल्याचा वास यायला लागला. काढून बघितलं तर पिनांची भोकं तपकिरी झालेली. चूक माझीच होती. माझं ग्रिल १८०० वॅटचं. १८०० ला २३० नं भागलं तर जवळजवळ आठ अँपिअर येतात, आणि मिक्सरचा पॉइंट सहा अँपिअरचा. दुसऱ्या दिवशी वायरमननं इंग्लंडचा प्लग कापून जाड पिनांचा सोळा अँपिअरचा बसवला आणि सांगितलं, “बाई, हे फ्रीजच्या पॉइंटला लावू नका, वेगळा घ्या.” ग्रिल घेणाऱ्यांनी पैशांचा हिशेब करताना हा पॉइंटही धरावा. घरच्या साध्या इन्व्हर्टरवर एवढा भार चालत नाही, हेही लक्षात असू द्या. मिरगाच्या तोंडावर दोनदा लाईट गेली आणि दोन्ही वेळा अर्धे कच्चे बांगडे आईनं मुकाट्यानं गॅसवरच्या तव्यावर घेतले.

पॉइंट झाला, आणि फोंड्याच्या बाजारातून ताजे बांगडे आले. आईनं चिरा देऊन मीठ, हळद, तिखट आणि कोकमाच्या सोलांचं आगळ लावून ठेवले होते. मी ग्रिल तापवलं, बांगडे ठेवले, झाकण बंद केलं, आठ मिनिटांनी काढले. रेघा छान उठल्या होत्या. आईनं एक तुकडा मोडून तोंडात घातला.

“हा भाजला नाही गो,” ती म्हणाली. “उकडलाय.”

तिचं बरोबर होतं. मासळीतलं आणि आगळातलं पाणी तापून वाफ होते. दोन पट्ट्यांच्या मध्ये ती वाफ अडकते. पृष्ठभाग ओला आहे तोवर तिथलं तापमान शंभर अंशांच्या वर जात नाही, आणि खमंगपणा यायला साधारण १४० अंश तरी लागतात. निखाऱ्यावर वाफेला मोकळी वाट असते. शिवाय मासळीचं तेल निखाऱ्यावर टपकतं, त्याचा धूर होतो आणि तो धूर परत मासळीला लागतो. आपण ज्याला भाजलेल्या बांगड्याची चव म्हणतो, तिच्यातला मोठा भाग या धुराचा असतो. विजेच्या ग्रिलमध्ये तेल ट्रेमध्ये जातं. धूर होऊ नये म्हणूनच तर ते बनवलंय! स्विंडनमध्ये मला जे हवं होतं, तेच मडकईत नको होतं.

पुढचा आठवडा आई आणि मी दोघी त्याच्या मागे लागलो. मीठ-मसाला लावलेला बांगडा अर्धा तास ठेवून, सुटलेलं पाणी ओतून, फडक्यानं वरवर टिपून घेतला. तेल पट्टीला न लावता माशालाच लावलं. ग्रिल लाल दिवा विझेपर्यंत पूर्ण तापू दिलं. आणि सगळ्यात मोठा फरक पडला तो झाकणानं: माझं ग्रिल पुस्तकासारखं सपाट उघडतं, तेव्हा झाकण मिटायचंच नाही, दोन्ही पट्ट्या उघड्या ठेवून मासा स्वतः उलटायचा. वेळ दुप्पट लागतो, पण कातडी कुरकुरीत होते. या बांगड्याला आईनं “तव्यासारखा झाला” असं म्हटलं. ती सहसा कौतुक करत नाही, त्यामुळे मला फार आनंद झाला. रव्यात घोळवलेल्या मासळीलाही झाकण चालत नाही, कारण रवा वरच्या पट्टीला चिकटून सोलून निघतो.

रेशादचा बांगडा मात्र नकोच. मी एकदा पोटात मसाला भरलेले चार बांगडे ठेवून सवयीनं झाकण टेकवलं. वरच्या पट्टीच्या वजनानं पोटं दबली आणि लाल मसाला दोन्ही बाजूंनी बाहेर येऊन उतारावरून घसरत ट्रेमध्ये गेला. आईनं दुपारभर पाट्यावर वाटलेला मसाला होता तो. हाडांसकट कोंबडीचंही तसंच. झाकण नीट बसत नाही, वरून रंग येतो आणि हाडापाशी लाल राहतं. कोंबडीचा आतला भाग ७४ अंशांपर्यंत तापायलाच हवा. त्यामुळे काफ्रियाल, म्हणजे हिरव्या मसाल्यातली कोंबडी, करायची तर बिनहाडाच्या मांसाची करा, किंवा सरळ कढईत.

सुका बांगडा आणि वांगं, या दोन्हींत ग्रिल साफ हरलं. पहिल्या पावसाच्या दिवशी शीत (भात), हुमण (मासळीची आमटी) आणि निखाऱ्यावर भाजलेला सुका बांगडा, हे मी स्विंडनमध्ये डोळे मिटून आठवत असते. ग्रिलवर तो नुसता कडक झाला, आणि घरभर वास सुटला तो भाजल्याचा नव्हे, खाऱ्याचाच. भरताचं वांगं मऊ झालं, पण साल करपलंच नाही. त्यावर आईनं करवंटीचा एक निखारा वाटीत ठेवून तूप सोडलं, वाटी वांग्याच्या गराच्या मध्ये ठेवून झाकण घातलं आणि धुंगार दिला. भरीत उत्तम झालं. पण निखारा पेटवायचाच होता, तर वांगं त्याच्यावरच का नाही भाजायचं?

मग हे ग्रिल गोव्यात कुणाच्या कामाचं? मला उत्तर मिळालं ते बाबांच्या ताटात.

बाबांच्या छातीत दोन वर्षांपूर्वी दुखलं. तेव्हापासून डॉक्टरांनी तळलेलं बंद केलं. आमच्या घरात जेवणात काप असायचेच, वांग्याचे, कच्च्या केळ्याचे, सुरणाचे. बाबा ताटात आधी काप कुठं आहेत ते बघायचे. आता ते घरातल्या कुणालाच नकोसे झाले होते, कारण त्यांच्यासमोर बसून कोण खाणार? मी सुरणाचे पाऊण बोटभर जाड काप केले, खाज जावी म्हणून सोलांच्या पाण्यात ठेवले, पुसले, हिंग-हळद-तिखट-मीठ लावलं, तांदळाच्या पिठात जरासा रवा मिसळून त्यात दाबून घेतले. सगळ्या बारा कापांना मिळून दोन चमचे खोबरेल, तेही ब्रशनं. पट्ट्या उघड्या ठेवून एका बाजूला सहा मिनिटं, दुसऱ्या बाजूला पाच. तव्यावर एवढ्या कापांना आई अर्धी वाटी तेल घालायची. बाबांनी पहिला काप हातात धरून मधोमध मोडला. कडक आवाज आला. ते काही बोलले नाहीत, पण दुसरा मागून घेतला, आणि आईनं डोळ्यांना पदर लावला.

त्यानंतर ग्रिल रोज लागत होतं, आणि माझ्यासाठी नव्हे. वीज किती लागते असं काकीनं विचारलं होतं. वीस मिनिटं सलग पूर्ण तापलं तरी ०.६ युनिट, आणि मध्ये थर्मोस्टॅट बंद-चालू होत असल्यामुळे प्रत्यक्षात त्याहून कमी.

सांभाळायला मात्र ते नाजूक आहे. पट्टीवर नॉनस्टिकचा थर असतो. आमच्याकडे भांडी नारळाच्या सोडणानं आणि राखेनं घासतात, तसं केलंत तर महिन्यात थर निघेल. लाकडी उलथणं वापरायचं, कोमट असतानाच ओल्या फडक्यानं पुसायचं. ट्रे त्याच रात्री धुवायचा. एकदा मी तो सकाळवर ठेवला, आणि उजाडता बघते तर लाल मुंग्यांची रांग ओट्यावरून थेट बिजागरीच्या आत गेलेली. पट्ट्या निघत नसल्यामुळे आतून साफ करायला मला अख्खा तास लागला. म्हणून नवीन घेणार असाल तर निघणाऱ्या पट्ट्यांचं आणि पूर्ण सपाट उघडणारं घ्या. नुसतं सँडविचपुरतं उघडणारं स्वस्त मिळतं, पण त्यात मासळी उकडूनच निघेल. आणि परदेशातल्या नातेवाइकाला आणायला सांगू नका. इथं मिळतं, इथला प्लग असतो, आणि बिघडलं तर दुरुस्तीला नेता येतं.

ज्यांच्या घरी अंगण आहे, चूल आहे आणि तिच्यापाशी बसणारी माणसं आहेत, त्यांनी भाजलेल्या मासळीसाठी हे घेऊ नये, पैसे वाया जातील. पण पर्वरीत किंवा फोंड्यात फ्लॅटमध्ये दोघंच राहत असाल, कोळसा पेटवायला जागा नसेल, किंवा घरात कुणाचं तेल बंद केलेलं असेल, तर जरूर घ्या.

मी माझं मडकईतच ठेवून आले. स्विंडनमध्ये गेल्या आठवड्यात नवीन घेतलंय, पट्ट्या निघणारं. काल बाबांचा फोन होता. नीरफणस बाजारात आलाय, त्याचे काप किती मिनिटं ठेवायचे, विचारत होते. सुरणापेक्षा पातळ कापा आणि चार-चार मिनिटं ठेवून बघा, असं मी सांगितलं.