वाँटेजचा रविवार

इंग्लंडला जाणाऱ्या आपल्या माणसांची यादी ठरलेली असते. लंडन, बाथ, स्टोनहेंज, जमलं तर स्कॉटलंड. ते सगळं माझंही झालं, आणि चांगलंच झालं. पण माझ्या यादीत पहिलं नाव वाँटेज होतं. ते ऐकून ऑक्सफर्डला राहणारी माझी भाची म्हणाली, "मावशी, तिथे बघायला आहे काय? एक चौक आणि चौकात एक पुतळा."

मी गुरुवार पेठेतली. पंचहौद चर्चच्या घंटा ऐकत वाढले. माझी आजी पुण्यात मिशनच्या बोर्डिंगमध्ये लहानाची मोठी झाली आणि 'वाँटेजच्या सिस्टर' हे शब्द तिच्या तोंडून इतक्यांदा ऐकले होते की वाँटेज हे गावाचं नाव आहे हे मला बऱ्याच उशिरा कळलं. शिवणकाम, स्वच्छ अक्षर, आजाऱ्याची उशी कशी बदलायची, सगळं आजीने सिस्टरांकडून घेतलेलं. त्या सिस्टर पुण्यात आल्या 1877 साली. त्यांचा संघ, म्हणजे कम्युनिटी ऑफ सेंट मेरी द व्हर्जिन, 1848 साली वाँटेजमध्ये सुरू झाला होता. आणि 1883 साली आपल्या पंडिता रमाबाई दोन वर्षांच्या मनोरमाला घेऊन गेल्या त्या याच गावी. मला तिथे जायचं होतं ते रविवारीच. रिकामं चर्च बघण्यात मला गोडी नाही. उपासना चालू असताना गाव कळतं.

वाँटेजला रेल्वे नाही. वाँटेज रोड नावाचं स्टेशन होतं, गावापासून दूरच, तेही 1964 साली बंद झालं. त्यामुळे ऑक्सफर्डहून बस. रविवारच्या बसबद्दल मला तक्रार करायचीच आहे. इतक्या श्रीमंत देशात रविवारी सकाळी म्हाताऱ्या माणसाला चर्चला जायचं असेल तर थंडगार बाकावर एवढा वेळ का बसावं लागावं? थांब्यावर एक आजोबा होते, कोट-टाय घालून, मांडीवर फुलं ठेवून. बायकोच्या थडग्यावर चालले होते. रविवारी आपल्या मुक्कामाला पोचायला त्यांना निम्मी सकाळ लागते म्हणाले.

चौकातला पुतळा राजा आल्फ्रेडचा. तो 849 साली इथे जन्मला असं मानतात. पुतळा उभा राहिला 1877 साली. ज्या वर्षी गावाने आपल्या राजाचा पुतळा उभारला, त्याच वर्षी इथल्या सिस्टर पुण्याला निघाल्या होत्या. पुतळ्यापुढे लोक फोटो काढत होते. आम्ही वळून चर्चकडे गेलो.

सेंट पीटर आणि सेंट पॉल यांचं हे चर्च तेराव्या शतकापासूनचं, क्रूसाच्या आकाराचं, मधोमध बुटका भक्कम मनोरा. आत फिट्झवॉरिन घराण्यातल्या सरदाराचा आणि त्याच्या बायकोचा संगमरवरासारख्या दगडात कोरलेला जुना पुतळा पहुडलेला आहे. एकोणिसाव्या शतकात जी. ई. स्ट्रीट या वास्तुकाराने चर्चची डागडुजी केली. हे सगळं पाहून झालं, पण माझी नजर अडली ती दाराशी ठेवलेल्या प्लॅस्टिकच्या खोक्यावर. त्यात पास्त्याची पाकिटं, टोमॅटोचे डबे, चहा, लहान बाळांचे डायपर. आत येणारा जवळजवळ प्रत्येक जण पिशवीतून काहीतरी काढून त्यात ठेवत होता आणि मग गीतपुस्तक हातात घेत होता. दानार्पण उपासनेच्या आधीच सुरू झालं होतं.

मंडळी फार नव्हती. पांढरे केस जास्त, दोन-तीन तरुण कुटुंबं, एक आफ्रिकन बाई डोक्याला सुंदर निळं वस्त्र बांधून. चर्चमध्ये थंडी. बाकांखाली गुडघे टेकायला भरतकामाच्या उशा, प्रत्येकीवर वेगळी नक्षी, कुणाच्या तरी आईने किंवा आजीने भरलेली. आजीने भरलेल्या उशीवर नातीने गुडघे टेकावेत, ही गोष्ट मला फार आवडली.

उपासनेचा क्रम मला पाठ होता. पापांगीकार, पापक्षमा, शास्त्रपाठ, मग शुभवर्तमानाचं पुस्तक लोकांमध्ये आणून वाचणं, विश्वासांगीकार. भाषा त्यांची, पण पुढे काय येणार हे माझ्या अंगाला ठाऊक होतं. प्रभूची प्रार्थना मी मराठीतून म्हटली, हळू पण ओठ हलवून: 'आमची रोजची भाकर आज आम्हांला दे.' भाचीने माझा हात धरला. ती लहानपणी पंचहौदला माझ्याच शेजारी बसायची.

मध्यस्थीच्या प्रार्थना एका गृहस्थांनी चालवल्या. पाळक नव्हेत, मंडळीतलेच एक. त्यांनी आजाऱ्यांची नावं घेतली, आठवड्यात वारलेल्यांची घेतली, युद्धात अडकलेल्यांसाठी मागितलं आणि मग "आपल्या गावात आज रात्री ज्यांना घर नाही त्यांच्यासाठी" असं म्हणून थांबले. बराच वेळ थांबले. त्या थांबण्यात मला मागून घोरण्याचा आवाज आला.

शेवटच्या बाकावर एक माणूस झोपला होता. जाड जॅकेट, दाढी वाढलेली, एका पायाला मळकी पट्टी. बाकाखाली त्याचा कुत्रा. दारूचा वास आमच्यापर्यंत येत होता. मला वाटलं, आता कुणीतरी जाऊन त्याला उठवेल, बाहेर नेईल. आपल्याकडे दोन जण लगेच उठले असते. इथे कुणाची मानही वळली नाही. शांतीची सलामी देण्याची वेळ आली तेव्हा सगळे एकमेकांशी हात मिळवू लागले. आमच्याकडे आले, त्या आफ्रिकन बाईकडे गेले, आणि दोघे-तिघे त्या झोपलेल्या माणसाकडेही गेले. झोप मोडू नये म्हणून त्यांनी नुसता त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

प्रभुभोजन सुरू झालं. मी कठड्यापाशी गुडघे टेकून भाकर आणि प्याला घेतला आणि परत येत होते, तेव्हा पाळक भाकरीचं तबक घेऊन कठडा सोडून खाली उतरले. आधी पहिल्या बाकाशेजारी चाकांच्या खुर्चीत बसलेल्या बाईंकडे. मग सगळं चर्च चालत मागे. तो माणूस आता जागा झाला होता. ऐंशीच्या घरातल्या एक बाई त्याच्या शेजारी जाऊन बसल्या होत्या. पाळकांनी वाकून त्याला काहीतरी विचारलं. त्याने मान हलवली, नको म्हणून. तेव्हा त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला. वाद्य वाजत होतं आणि तेवढ्यासाठी सगळी मंडळी थांबली होती. तबक घेऊन पाळक जसे गेले तसेच परत आले, घाई नाही, संकोच नाही.

उपासनेनंतर मागच्या बाजूला कॉफी आणि बिस्किटं होती. त्या बाईंनी पहिला कप त्या माणसाला नेऊन दिला. त्याला नावाने हाक मारली, पायाची पट्टी कधी बदलली विचारलं, सोमवारी दवाखान्यात न्यायला कोण येणार ते ठरवलं. कुणीतरी कुत्र्यापुढे पाण्याचं भांडं ठेवलं. दाराशी ठेवलेल्या खोक्यातली पिशवी त्याच्या हातात गेली तीही अशी, की शेजारच्याने शेजाऱ्याला द्यावी.

मी त्या बाईंना विचारलं, "हे तुमच्या मंडळीचे सभासद आहेत का?" त्यांना माझा प्रश्नच कळला नाही. मी पुन्हा विचारलं. तेव्हा म्हणाल्या, "तो इथे राहतो. इथे राहतो म्हणजे आमचाच."

परतीच्या बसमध्ये मी हेच एक वाक्य घोळवत होते. इंग्लंडमध्ये अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडची, पॅरिश म्हणजे जमिनीचा तुकडा. त्याला हद्द असते, आणि हद्दीत राहणाऱ्या प्रत्येक माणसाच्या आत्म्याची काळजी पाळकावर सोपवलेली असते, मग तो माणूस रविवारी येवो न येवो. त्या हद्दीत राहणाऱ्याला बाळाच्या बाप्तिस्म्यासाठी, लग्नासाठी, आपल्या माणसाच्या दफनविधीसाठी तिथल्या चर्चचं दार ठोठावता येतं. वर्गणी भरलीस का, असं त्याला कुणी विचारत नाही. आमच्याकडे तसं नाही. आमचं चर्च अँग्लिकन परंपरेतूनच आलं, 1970 पासून चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचा भाग झालं, उपासनाही बरीचशी तीच राहिली. पण आम्ही मुठभर, आणि मुठभर माणसांना यादी लागते. ते मला समजतं. तरीसुद्धा दफनभूमीत जागा देताना रडणाऱ्या मुलाकडे वर्गणीची पावती मागितलेली मी एका ठिकाणी पाहिली आहे, आणि ते मला आजही सहन होत नाही. यादी असावी. पण यादीबाहेरचा माणूस कुणाचा, याचं उत्तरही मंडळीकडे असायला हवं.

वाँटेजलाही हे फुकट मिळालं नव्हतं. विल्यम बटलर 1840च्या दशकाच्या अखेरीस इथे पाळक म्हणून आले तेव्हा गाव दारिद्र्य आणि गुन्ह्यांसाठी बदनाम होतं, 'काळं वाँटेज' म्हणायचे. त्यांनी शाळा काढल्या, सिस्टरांचा संघ उभा केला, आणि समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी घर सुरू केलं. पुढे अनेक वर्षं संघाची धुरा वाहणाऱ्या मदर हॅरिएट डे या शेतकऱ्याच्या मुलगी होत्या.

त्या संघाला आपल्या महाराष्ट्राच्या इतिहासात जागा आहे. रमाबाई इथे आल्या तेव्हा पंचवीस वर्षांच्या, विधवा. डॉक्टर व्हायची इच्छा होती, कान साथ देईनात म्हणून ती सुटली. पुण्याला निघणाऱ्या सिस्टरांना त्या मराठी शिकवायच्या. म्हणजे या इवल्या इंग्लिश गावात साक्षात रमाबाईंच्या तोंडून मराठीचे धडे झाले! सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांचा दुर्दैवी अंत इथेच झाला. 29 सप्टेंबर 1883 रोजी रमाबाईंनी वाँटेजमध्ये बाप्तिस्मा घेतला. आपल्याकडे बहुतेकांना एवढंच माहीत असतं, आणि तेवढ्यावरच भांडण होतं.

मला मोठी वाटते ती दुसरी घटना. सिस्टरांनी त्यांना हवापालटासाठी लंडनमध्ये फुलहॅमला पाठवलं. तिथेही संघाचं काम होतं. कधीकाळी 'पतित' म्हणून हाकललेल्या स्त्रिया तिथे आजाऱ्यांची सेवा करताना रमाबाईंनी पाहिल्या. अशा स्त्रीला पुन्हा माणसांत घेता येतं, घ्यायला हवं, हे त्या आयुष्यात प्रथम पाहत होत्या. ही माणसं असं का करतात, असं त्यांनी विचारलं, तेव्हा सिस्टरांनी योहानाच्या चौथ्या अध्यायातली शोमरोनी स्त्रीची गोष्ट सांगितली. विहिरीपाशी बसून येशू जिच्याकडे पाणी मागतो तीच ती. रमाबाईंनी हे स्वतः लिहून ठेवलं आहे. पुढे केडगावच्या मुक्ती सदनात त्यांनी अशा स्त्रियांसाठी कृपा सदन काढलं, तेव्हा फुलहॅमचं ते घर त्यांच्या मनात असणारच, असं मला ठामपणे वाटतं.

आणि त्या मुकाट ऐकून घेणाऱ्या नव्हत्या. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिनशी त्यांचे त्रैक्याच्या, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव या, सिद्धांतावरून वाद झाले, शाकाहार त्यांनी सोडला नाही, बिशपांच्या म्हणण्यावर मान डोलावली नाही. पत्रं वाचताना दोन्ही बाजूंची जिद्द दिसते. मला त्यात रमाबाई बरोबर वाटतात, आणि सिस्टरांनी इतकं वाद घालणाऱ्या मुलीवर माया कायम ठेवली याचंही मोल वाटतं.

सिस्टरांचा मठ आम्ही रस्त्यावरूनच पाहिला, चर्चची डागडुजी करणाऱ्या स्ट्रीटनेच सुरुवातीला आखलेली ती दगडी इमारत. 2013च्या सुरुवातीला संघातल्या अकरा सिस्टर रोमन कॅथलिक पंथात गेल्या. ज्या संघाने माझ्या आजीला वाढवलं त्याची अशी वाटणी झाली याचं मला वाईट वाटतं, आणि त्यासाठी मी गेलेल्या कुणाला दोष देणार नाही.

तुम्ही गेलात तर एवढं करा: रविवारीच जा, उपासनेनंतर निघून येऊ नका. कॉफीला थांबा. मी पुण्याची आहे म्हटल्यावर त्या ऐंशीच्या बाई माझा हात सोडायला तयार नव्हत्या. त्यांना रमाबाईंबद्दल सगळं ऐकायचं होतं. केडगावला दुष्काळात वाचवलेल्या मुली किती होत्या, विचारलं. 1900 च्या सुमारास जवळपास दोन हजार, म्हटल्यावर त्यांनी शेजारच्या दोघींना बोलावून मला पुन्हा सांगायला लावलं.

डिसेंबरात भाची पुण्याला येणार आहे. दौंडच्या गाडीने केडगावला जायचं आम्ही बसमध्येच ठरवलं. जाताना पास्ता नाही, पण तांदूळ, डाळ आणि साबण यांच्या पिशव्या बरोबर घ्यायच्या, आणि काय लागतं ते आधी फोन करून विचारायचं, हे भाचीनेच सुचवलं.