कॅबिनेटची काच लागेना

रात्री साडेअकराला भाच्याचा नवीन पीसी सगळा जोडून झाला आणि कॅबिनेटची काच लागेना. बाजूची ती टेम्पर्ड ग्लास, जिच्यातून आतले रंगीबेरंगी लाइट दिसले पाहिजेत म्हणून भाच्याने हट्टाने तीच कॅबिनेट घ्यायला लावली होती. मी वरून दाबतोय, तो खालून धरतोय, ताई दारात उभी राहून विचारतेय काय फुटलं का रे, आणि मधे आडवा येतोय प्रोसेसर थंड ठेवणारा कूलर. मोजला तर १५८ मिलिमीटर उंच, आणि कॅबिनेटच्या कागदावर बारीक अक्षरात लिहिलेलं की कूलर १५० पर्यंतच बसेल. आठ मिलिमीटरसाठी सगळं अडलं.

बरं कूलरची मुळात गरजच नव्हती. आम्ही घेतलेल्या रायझन ५ ७६०० प्रोसेसरच्या खोक्यात एएमडीचा छोटा कूलर येतोच, ६५ वॉटचा प्रोसेसर आहे, तेवढ्यावर भागतं, आवाज जरा जास्त करतो इतकंच. पण मुंबईत लॅमिंग्टन रोडला दुकानदार म्हणाला तो काढून ठेवा, हा घ्या, आणि आम्ही घेतला. माझी चूक, दुसऱ्या कोणाची नाही, कारण ग्राफिक कार्डची लांबी मी तीन वेळा बघितली होती, आरटीएक्स ४०६० चं दोन पंख्यांचं मॉडेल मुद्दाम निवडलं होतं कारण तीन पंख्यांची ३०० मिलिमीटरच्या आसपास जातात, आणि हजार-दीड हजाराच्या कूलरची उंची मात्र बघितलीच नाही. माझं नेहमी असंच होतं. महागाच्या वस्तूवर आठवडाभर व्हिडिओ बघायचे आणि स्वस्तातलं काउंटरवर उभ्या उभ्या उचलायचं, आणि नडतं ते नेमकं तेच.

मग कूलर काढला. एएमडीच्या जुन्या एएम४ सॉकेटवर कूलर ओढला की कधीकधी मधल्या उष्णता वाहणाऱ्या पेस्टला चिकटून प्रोसेसरही सॉकेटमधून उपटून यायचा आणि पिना वाकायच्या, आमच्या नवीन एएम५ सॉकेटमध्ये पिना मदरबोर्डवर असतात आणि प्रोसेसरवर लोखंडी फ्रेम दाबलेली असते म्हणून ते तरी वाचलं. पेस्ट पुसली, खोक्यातला कूलर चार स्क्रूंनी बसवला, काच लागली.

आता थोडं मागे जातो. भाच्याचा मूळ प्लॅन होता की जुन्या पीसीतली १६ जीबी डीडीआर४ रॅम नवीन बोर्डात लावायची म्हणजे तेवढे पैसे वाचतील. मामा पिना तर सेम आहेत ना, म्हणे. आहेत की, दोन्हीला २८८ च, पण मधली खाच वेगळ्या जागी असते आणि व्होल्टेजही वेगळं, त्यामुळे घासून-बिसून बसवायचा विचारसुद्धा करू नका. एएम५ बोर्ड फक्त डीडीआर५ घेतो. इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटमध्ये दोन्ही प्रकारचे बोर्ड मिळतात, १२ व्या ते १४ व्या जनरेशनला, पण एका बोर्डावर सहसा एकच प्रकार, तेव्हा नावापुढचं ते डी४ बघूनच घ्यायचं.

दुसऱ्या एका दुकानात रायझन ५ ५६०० आणि बी४५० बोर्डचा जोड स्वस्तात देत होते. बसतो का तर बसतो, दोन्ही एएम४ च. पण बी४५० आला २०१८ मध्ये आणि ५६०० आला २०२२ मध्ये, बोर्ड जुन्या स्टॉकमधला असला तर त्याचं बायोस, म्हणजे पीसी चालू करणारं बोर्डातलं सॉफ्टवेअर, या प्रोसेसरला ओळखतच नाही, आणि प्रोसेसरशिवाय बायोस अपडेट करणारं फ्लॅशबॅकचं बटण नसेल तर अपडेट करायला एखादा जुना रायझन मागायला दारोदार फिरा. मी विचारलं बायोस कुठलं आहे, तर उत्तर आलं, चालतं हो सगळ्यांचं. आम्ही नमस्कार करून निघालो.

एसएमपीएस, म्हणजे आतल्या सगळ्याला वीज पुरवणारा डबा, ६५० वॉटचा घेतला. ४०६० ला एनव्हिडिया ५५० सांगते, कार्ड स्वतः ११५ वॉट खातं, म्हणजे पुष्कळ झाला. इथे भाच्याच्या मित्राने त्याच्या मॉड्युलर (केबल सुट्या निघणाऱ्या) एसएमपीएसच्या काळ्या विणलेल्या केबल देऊ केल्या, दिसायला भारी. त्या लावू दिल्या नाहीत. मॉड्युलर केबलचं एसएमपीएसकडचं टोक प्रत्येक कंपनीचं वेगळं, खटकन बसेल पण आतल्या तारांचा क्रम दुसरा निघाला तर बोर्ड, कार्ड, हार्ड डिस्क काहीही जळू शकतं. भाचा रुसला दोन तास.

काच लागल्यावर बटण दाबलं तर पंखे फिरतायत आणि स्क्रीन काळी. दोन मिनिटं थांबलो, बंद केलं, रॅम काढून परत लावली, दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्येच आहे ना बघितलं, एचडीएमआय कार्डातच आहे ना बघितलं, परत काळी. तिसऱ्यांदा वैतागून तसंच चालू ठेवून चहा टाकायला गेलो, आणि आतून भाचा ओरडला, मामा आलं! एएम५ पहिल्यांदा चालू होताना रॅमचं ट्रेनिंग, म्हणजे रॅमशी जुळवून घेण्याची तपासणी, करत बसतो, कधीकधी चांगली काही मिनिटं, आणि आम्ही दर वेळी त्याचं काम अर्ध्यात मोडत होतो. मग बायोसमध्ये एक्स्पो, म्हणजे रॅमला तिच्या पूर्ण स्पीडवर चालवणारी सेटिंग, चालू केलं, नाहीतर ६००० स्पीडची रॅम घेऊनही ४८०० वरच रांगत बसली असती.

दुसऱ्या दिवशी इथे साताऱ्यात दुपारी लाइट गेली आणि गेमच्या मधोमध पीसीपण गेला. जुना ६०० व्हीएचा यूपीएस, म्हणजे जेमतेम ३६० वॉट, कागदावर पुरतो, पण त्याची बॅटरी चार वर्षांची आहे हे कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. परत स्वस्तातलंच.

बॅटरी बदलली. कूलर परत घेतला नाही दुकानाने, खोकं उघडलं होतं म्हणून. माझ्याकडे पडून आहे, एएम५ आणि एलजीए १७०० दोन्हीचे क्लॅम्प सोबत आहेत, अर्ध्या किमतीत देईन. फक्त आधी कॅबिनेटचं माप पाठवा.