दोन बोटांची फट

लॅरमीला पोचलो तेव्हा पुढचा आय-८० रस्ता हलक्या आणि उंच गाड्यांसाठी बंद झाला होता. कारण वारा. अमेरिकेतल्या व्हायोमिंग राज्यात हे नेहमीचंच आहे. लॅरमी ते रॉलिन्स या पट्ट्यात, आर्लिंग्टन आणि एल्क माउंटनच्या आसपास, वारा असा आडवा येतो की ट्रेलर उलटतात. पण आमचा कॅम्पर चढवलेला पिकअप ट्रक वारा सुरू व्हायच्या आधीपासून, फोर्ट कॉलिन्स सोडल्यापासूनच डोलत होता. वळण संपलं तरी डोलणं संपायचं नाही. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, मग परत डावीकडे. मागच्या सीटवर आई अगदी गप्प झाली होती. आई गप्प बसली म्हणजे काय, हे आमच्या घरी येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना ठाऊक आहे.

आई-बाबा तीन महिन्यांसाठी आले होते आणि यलोस्टोन बघायचं ठरलं होतं. बाबांची साखर, त्यांच्या जेवणाच्या वेळा, दर दोन तासांनी बाथरूम, हे सगळं जमावं म्हणून मी कॅम्पर घेतला. पिकअपच्या हौद्यात बसणारी खोलीच ती. गॅस, सिंक, संडास, ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग. सामान भरल्यावर वजन दीड टनाच्या वर. तेवढ्या पैशांत इंदूरला सुदामानगरच्या घरावर दोन खोल्या चढल्या असत्या, असं एकदोघांनी फोनवर ऐकवलं. त्यांना एवढंच सांगतो, की बाबांनी टेटन पर्वतासमोर बसून आईच्या हातचे पोहे खाल्ले, शेव आणि जीरावण मसाला घालून. हॉटेलच्या खोलीत ते झालं नसतं.

पण आधी लॅरमी. त्या संध्याकाळी कॅम्पग्राउंडवर शेजारच्या गाडीतले एक आजोबा बाहेर आले. आयुष्यभर मालाचे ट्रक चालवलेले गृहस्थ. मला त्यांनी काही विचारलं नाही. कॅम्परच्या कडेला खांदा लावला आणि एक धक्का दिला. ट्रक किती वेळा डोलून थांबतो ते पाहिलं. मग टॉर्च घेऊन, थंडी असताना, सरळ गाडीखाली शिरले.

पिकअपच्या मागच्या कमानीत, म्हणजे पोलादी पाट्यांच्या स्प्रिंगमध्ये, मुख्य पाट्यांच्या वर आणखी एक जाड पाटा असतो. आपल्याकडचे मिस्त्री त्याला हेल्पर म्हणतात. ओझं वाढून गाडी खाली बसली की त्याची टोकं चेसिसवरच्या ठोकळ्यांना टेकतात आणि तिथून पुढे तोही भार घेतो. माझी गाडी उभी असताना ती टोकं टेकतच नव्हती. आजोबांनी मला खाली बोलावून त्या फटीत दोन बोटं घालून दाखवली. डोलणं होतं ते या दोन बोटांतलं. गाडी एका बाजूला कलायची, हेल्पर टेकेपर्यंत तिला आवरायला काही नसायचं, तो टेकला की ती दुसऱ्या बाजूला कलायची.

आणि ही फट माझ्याच खर्चाने झाली होती. कॅम्पर विकणाऱ्याने सांगितलं होतं की एक टनी गाडी आहे (हे नुसतं वर्गाचं नाव, ओझं ती त्याहून जास्त घेते), मागे एअरबॅग बसवा, बाकी काही लागत नाही. या एअरबॅग म्हणजे कमानीजवळ बसवायच्या हवेच्या पिशव्या. त्यांत मी भरपूर हवा भरली. गाडीचं बूड उचललं गेलं, दिसायला सरळ झाली, आणि हेल्पर ठोकळ्यापासून लांब गेला. त्यात दोन्ही पिशव्या एकाच नळीवर जोडलेल्या. गाडी डावीकडे कलली की डावीकडची हवा दाबली जाऊन उजवीकडे जायची, म्हणजे कलणं वाढायचंच. हे आजोबांनी जमिनीवर पडल्या पडल्या सांगितलं तेव्हा मला त्या विक्रेत्याचा फार राग आला. अजून आहे. कुटुंब घेऊन जाणाऱ्या माणसाला असं अर्धवट सांगू नये.

मला काका आठवले. इंदूरच्या ट्रान्सपोर्टनगरला त्यांचा मालाचा ट्रक उभा असायचा आणि सुट्टीत मी त्यांच्याबरोबर सेंधव्यापर्यंत जायचो. बिजासन घाटाच्या आधी ते खाली उतरून प्रत्येक रस्सा हाताने ओढून बघायचे. माल भरताना हमालांना ओरडून सांगायचे, "वजनी माल खाली आणि पुढे, धुरीच्या मागे नको." धुरी म्हणजे चाकांचा आस. इथले सहकारी मला आपल्याकडच्या भुश्याच्या फुगलेल्या ट्रकांचे व्हिडिओ दाखवतात तेव्हा मला वाईट वाटतं. तो ड्रायव्हर तिशीच्या वेगाने जातो, त्याला आपल्या गाडीचा झोक माहीत असतो. मी मात्र महामार्गावर शंभराच्या वेगाने चाललो होतो.

अर्थात एक गोष्ट इथली मान्य करावीच लागते. दाराच्या खांबावर स्टिकर असतो, माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल ते आकड्यात. आणि नियमच आहे की कॅम्परचा गुरुत्वमध्य हौद्यात कुठून कुठपर्यंत आला तर चालेल, तेही कंपनीने लिहून द्यायचं. तो मध्य मागच्या धुरीवर किंवा जरा पुढे हवा. मागे गेला तर पुढची चाकं हलकी होतात. माझ्या घरातल्या ड्रॉवरमध्ये तो कागद होता. काकांकडे असा कागद कधी नव्हता, त्यांनी सगळं हाताने शिकलं.

सकाळी आजोबा परत आले. एअरबॅगमधली हवा हेल्पर टेकेपर्यंत कमी केली. मागच्या टायरात ६० पाउंड हवा होती, ती टायरवर लिहिलेल्या कमाल ८० पाउंडावर नेली, कारण टायरची भिंत मऊ असली तर वरचं सगळं हलतं. माझी १७० लिटरची पाण्याची टाकी अर्धी भरलेली आणि धुरीच्या मागे. अर्ध्या टाकीतलं पाणी प्रत्येक वळणावर एका कडेला धावतं, म्हणून ती रिकामी केली. वरच्या पलंगावर ठेवलेले डाळ-तांदळाचे डबे आईने स्वतः खाली जमिनीवर आणले. शेवटी कॅम्पर बांधणारे चारही टर्नबकल आवळले. दुपारी वारा पडला, रस्ता उघडला. आई रॉलिन्सपर्यंत बोलत होती.

आजोबा पैसे घेईनात. आईने त्यांच्या हातात चिवड्याचा डबा दिला, तो घेतला.

डेनव्हरला घरी परतल्यावर कॅट स्केल कंपनीच्या धर्मकाट्यावर, म्हणजे वजनकाट्यावर, गाडी चढवली. पुढच्या आणि मागच्या धुरीचं वजन वेगवेगळं मिळालं, मर्यादेत होतं. हे महत्त्वाचं, कारण पुढे मी जे जे बसवलं त्याने डोलणं कमी होतं, पण स्टिकरवरचा आकडा एका किलोनेही वाढत नाही. टॉर्कलिफ्ट कंपनीचे ठोकळे बसवले, ते नेमके हेल्परची फट भरायला असतात. एअरबॅगना वेगळ्या नळ्या केल्या. मागे जाड स्टॅबिलायझर बार टाकला. गाडी कलली की हा पोलादी दांडा पिळला जातो आणि तिला परत ओढतो. शॉकअप बदलायचे राहिलेत. ते डोलणं लवकर विझवतात, पण कमानीची फट तशीच असेल तर त्यांच्यावर खर्च करण्यात अर्थ नाही.

हे सगळं मी काकांना फोनवर सविस्तर सांगितलं. ते आता घराबाहेर फारसे पडत नाहीत. मी फोटो पाठवला, तर म्हणाले, "फोटोत काय कळतं रे भिया? माल भरलेला असताना बोट घालून बघ आणि सांग."

रविवारी टाकी भरली, सामान चढवलं, खाली शिरलो. बोट जात नाही.