शेजारच्या खुर्चीतल्या बाई

‘मैं प्रेम की दीवानी हूँ’ या चित्रपटाची २००३ साली एका स्थानिक दैनिकाच्या पुरवणीत मी यथेच्छ टिंगल केली, आणि आता तोच टीव्हीवर लागला की मी चॅनेल का बदलत नाही, हे तुम्ही इतक्यांदा विचारलेत म्हणून लिहितो.

चित्रपट चांगला आहे, असे मी कधीच म्हटलेले नाही. तीन तासांहून लांब. हृतिक रोशन आणि करीना कपूर साधे वाक्यही ओरडून बोलतात, आणि संगणकावर काढलेला तो पोपट आजही बघवत नाही. ज्या राजश्री या निर्मितीसंस्थेने १९७६ साली हीच गोष्ट ‘चितचोर’मध्ये हळू आवाजात सांगितली, त्यांनीच तिचा असा गलका करावा, हा माझा आक्षेप अजून कायम आहे.

मागे घ्यायचे आहे ते एकच वाक्य.

त्या पावसाळ्यात सिंहस्थाच्या कामांसाठी नाशिकचे रस्ते खणून ठेवलेले होते. ‘चितचोर’ मावशीचा लाडका, म्हणून पंचवटीतून तिला स्कूटरवर मागे बसवून, चिखल चुकवत मी चित्रपटगृहात नेले. मुलीने ज्याच्यावर जीव लावला तो परदेशातून येणारा श्रीमंत प्रेम नसून त्याच्याच कंपनीत नोकरी करणारा दुसरा प्रेम आहे, हे उघड होऊन आई तिचे मन वळवू लागते, तेव्हा मावशी पदराने डोळे पुसू लागली. मी अंधारातच वहीत काही खरडले. रविवारी छापून आले: ‘शेजारच्या खुर्चीतल्या एक प्रौढ बाई रडत होत्या, या चित्रपटाचा प्रेक्षक कोण, हे यावरून ओळखावे.’

मावशी मेथी निवडत होती. जुडी त्याच पुरवणीवर सोडलेली, माझ्या नावावर माती सांडलेली. ती बोटाने बाजूला सारत तिने विचारले, “शेजारी मीच होते ना रे?”

“अगं, नाव कुठे लिहिलंय?” मी म्हणालो. याहून वाईट उत्तर मला आजवर सुचलेले नाही.

“नाही लिहिलंस, बरं केलंस.” मग बराच वेळ ती देठ खुडत राहिली. “त्या पोरीला कुणी विचारतंय का, एवढंच बघत होते मी.”

मावशीचे लग्न का झाले नाही, हे आमच्या घरात कुणी काढत नसे. मीही काढले नाही.

तुम्ही म्हणाल, ही टोचणी झाली, चित्रपटाचा गुण नव्हे. असेलही, पण मुलीच्या बापाच्या भूमिकेतला पंकज कपूर बोलू लागला की मी आवाज वाढवतो आणि बाकीच्या वेळी कमी करतो, ते काही टोचणीमुळे नव्हे. तेव्हाचा परीक्षक मला बजावतो की दया दाखवून परीक्षण लिहायचे नसते, आणि ते मला मान्य आहे. पण मावशीचे रडणे हा चित्रपटातला दोष नव्हता, असे मी त्याला सुनावले की तो एवढेच म्हणतो, वाक्य चटकदार होते. होतेच.

मागच्या महिन्यात तो पुन्हा लागला होता. पोपट दिसताच मावशीच म्हणाली, “बदल रे, डोकं उठतं.” मी बदलला नाही.