नवतप्यात बंद विमान आणि आईसाठी केलेली तक्रार: माझा अनुभव

विमानात जीव नकोसा करणारा उकाडा होता, अशी तक्रार केली की पहिलं उत्तर ठरलेलं येतं: ‘आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत.’ मलाही तेच आलं. आईला विमानातून उतरवून विमानतळावरच्या डॉक्टरांकडे न्यावं लागलं होतं, तरी उत्तर तेच. तक्रार पुढे कशी नेली ते सविस्तर लिहिते आहे, कारण आपल्याकडे मे-जूनमध्ये ही वेळ कुणावरही येऊ शकते.

नागपूरहून मुंबईला निघालो होतो. नवतपा, म्हणजे मेअखेरचे सगळ्यात तापते नऊ दिवस सुरू होते, भर दुपार. विमान टर्मिनलपासून लांब उभं होतं, बसने नेलं. सगळे बसले, दार लागलं आणि कॅप्टननी घोषणा केली: एपीयू बंद आहे, इंजिन सुरू झालं की गारवा येईल.

एपीयू म्हणजे विमानाच्या शेपटीतलं छोटं इंजिन. जमिनीवर उभ्या विमानाला वीज आणि एसीसाठी लागणारी दाबाची हवा तेच पुरवतं. ते बंद असलं तरी ठरलेल्या अटींवर विमान उडवायला परवानगी असते, आणि उड्डाणाच्या दृष्टीने त्यात वावगंही नाही. पण मग जमिनीवर असेपर्यंत गार हवा बाहेरच्या गाडीतून, जाड पाइपाने द्यावी लागते. आमच्या विमानाला ती गाडी लागलीच नव्हती. त्यात मुंबईच्या गर्दीमुळे निघायची वेळ पुढे ढकललेली, म्हणून इंजिनही सुरू करत नव्हते. स्वस्थ बसलेला माणूससुद्धा साधारण 100 वॉट उष्णता बाहेर टाकतो. 180 माणसं म्हणजे 18 किलोवॉट. वर ऊन, खाली तापलेलं काँक्रीट.

आई सत्तरी ओलांडलेली, रक्तदाबाच्या गोळ्या चालू. आधी म्हणाली, “मला कसंतरी होऊन राहिलं गं.” हात गार आणि चिकट लागत होते. मी एअर होस्टेसला बोलावलं. “मॅडम, पाच मिनिटं,” ती म्हणाली. तिचाही गणवेश पाठीला चिकटला होता. मग आईने विचारलं, “नागपूर आलं का?” आम्ही नागपुरातच होतो. मागच्या रांगेतल्या एक नर्सबाई तो प्रश्न ऐकून उठल्याच. उन्हाचा त्रास होणारा माणूस असंबद्ध बोलायला लागला की थांबायचं नसतं, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी आईचे पाय वर घेतले, ओले रुमाल मानेवर आणि काखेत ठेवले आणि दार उघडायलाच लावलं. शिडी आली, आम्हाला उतरवलं. सलाइन लागल्यावर आई भानावर आली. त्या बाईंचे उपकार आम्ही विसरणार नाही.

डॉक्टरांनी चिठ्ठीवर वेळ, रक्तदाब आणि ‘उष्णतेमुळे त्रास’ असं लिहिलं. पुढच्या सगळ्या लढाईत हाच कागद कामी आला. अशा वेळी चिठ्ठी घेतल्याशिवाय तिथून हलू नका. बोर्डिंग पास जपा, शेजारच्या एखाद्या प्रवाशाचा नंबर घ्या.

घरी आल्यावर एअरसेवा या केंद्र सरकारच्या विमान प्रवाशांसाठीच्या तक्रार पोर्टलवर तक्रार टाकली. कंपनीचं ते दिलगिरीचं उत्तर आलं आणि तक्रार ‘निकाली’ म्हणून बंद झाली. मग कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याला, म्हणजे तक्रारी बघणाऱ्या अधिकाऱ्याला लिहिलं. त्यांनी पुढच्या प्रवासासाठी कूपन देऊ केलं, ते मी नाकारलं. त्यानंतर अपिलीय अधिकाऱ्याला लिहिलं. या दोघांची नावं आणि पत्ते कंपनीच्या वेबसाइटवर असतात, फक्त शोधावे लागतात.

अपिलात मी गैरसोयीचा विषयच काढला नाही. आपत्काळात निम्म्याच दारांमधून 90 सेकंदांत विमान रिकामं होतं, हे दाखवल्यावरच प्रवासी विमानाला मान्यता मिळते. त्या क्षणी आमच्या विमानात आग लागली असती तर किती जण स्वतःहून उठू शकले असते, असं मी सरळ विचारलं. जून 2017 मध्ये अमेरिकेत डेन्व्हरला तापलेल्या विमानात चार महिन्यांचं बाळ अत्यवस्थ झालं होतं, त्याचा दाखला दिला. मे 2024 मध्ये दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान रखडलं, उकाड्याने प्रवाशांना भोवळ आली आणि डीजीसीएने, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी यंत्रणेने त्या कंपनीला कारणे दाखवा नोटीस काढली, तेही लिहिलं. विमानात बसल्यावर फार उशीर होत असेल तर प्रवाशांना खाली उतरवता यावं, अशा सूचना बीसीएएस या विमानतळांची सुरक्षा पाहणाऱ्या सरकारी विभागाने मार्च 2024 मध्येच दिल्या आहेत. मग आम्हाला दार लावून का बसवलं?

या पत्राला नीट उत्तर आलं. एपीयू बंद असल्याचं आधीच माहीत होतं, गार हवेची गाडी दुसऱ्या विमानाला लावली होती, हे त्यांनी लेखी मान्य केलं. यापुढे गाडी जोडल्याशिवाय प्रवासी चढवायचे नाहीत, अशी सूचना दिल्याचंही लिहिलं. ती सूचना मी मागितली. ‘अंतर्गत बाब’ म्हणून दिली नाही.

केबिन किती तापली म्हणजे माणसं उतरवायची, हा आकडा मला एकाही उत्तरात मिळाला नाही. अमेरिकेतल्या केबिन कर्मचाऱ्यांची संघटना अशी मर्यादा ठरवा म्हणून भांडते आहे. 2018 मध्ये तिने प्रवाशांना तापमान नोंदवता यावं म्हणून अ‍ॅपही काढलं. आपल्याकडे तर 45 अंशांत विमानं उभी असतात. हे कॅप्टनच्या किंवा स्टेशन मॅनेजरच्या मर्जीवर सोडणं मला पटत नाही.

म्हणून आता जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली आहे. 2019 च्या कायद्याने ती आपण राहतो तिथे करता येते, घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते, आणि सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. वकील दिला नाही, अर्ज मीच लिहिला. भरपाईच्या आधी पहिली मागणी कंपनीने गार हवेच्या गाडीबद्दलची ती सूचना आयोगासमोर ठेवण्याची आहे.